लोमूची किडनी आणि आमच्या पैलवानाचा प्रश्न

दुपारची शिफ्ट होती, दोन ते सहा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले होते आणि बाहेर जळगावचं ऊन पंचेचाळीसला टेकलेलं. चौथ्या खाटेवर अमळनेरकडचा एक तरणा पोरगा मशीनवर होता. वय सव्वीस. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो यात्रांमधल्या दंगली गाजवायचा. आमच्या युनिटमध्ये त्याला सगळे पैलवानच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. त्याची आई त्याला किडनी देणार आहे, तपासण्या चालू आहेत. सुया लावून मी पट्टी चिकटवत होतो तेव्हा तो म्हणाला, "दादा, किडनी बदली टाकी म्हंजे मानूस मोकया व्हई गया ना? मंग लढता येई ना?"

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. अशा प्रश्नाला आमचं ठरलेलं उत्तर असतं: साहेबांना विचार. पण साहेब काय सांगतील हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तर तो मला विचारत होता. मी मोबाईल काढला आणि त्याला एका माणसाची धाव दाखवली.

न्यूलँड्स मैदान, केप टाउन, १८ जून १९९५. रग्बी विश्वचषकाचा उपांत्य सामना, न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंड. डाव्या बाजूने काळ्या जर्सीतला एक अजस्र पोरगा चेंडू घेऊन निघतो. एकाला चुकवतो, दुसऱ्याचा हात झटकतो, जरा अडखळतो, आणि समोर उभ्या असलेल्या इंग्लंडच्या माइक कॅटच्या अंगावरून सरळ पुढे जातो. बाजूने नाही, अंगावरून. पैलवानाने हे बघितलं आणि नकळत मूठ आवळून हात वर घेतला. मशीन लगेच कोकलायला लागली, व्हीनस प्रेशरचा, म्हणजे रक्त परत आत नेणाऱ्या नळीतल्या दाबाचा लाल दिवा. मी धावत जाऊन त्याचा हात सरळ केला. "हाऊ ते रेडा शे रेडा!" एवढंच तो म्हणाला.

मग मी त्याला सांगितलं की या रेड्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ते त्याला खरं वाटेना. त्यानंतरच्या चार-पाच शिफ्टमध्ये मी त्याला जोना लोमूचं सगळं प्रकरण सांगितलं. तेच इथे मांडतोय, कारण तो प्रश्न फक्त पैलवानाचा नाही, दर महिन्याला कोणीतरी तो विचारतंच.

आधी खेळ

रग्बी आपल्याकडे कोणी खेळत नाही म्हटलं तरी चालेल, पण कबड्डी बघणाऱ्याला ती समजायला पाच मिनिटं लागतात. पंधरा जणांचा संघ. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, पुढे फेकायचा नाही, मागे किंवा आडवाच द्यायचा. समोरचे तुम्हाला धरून पाडणार. सगळ्यांना चुकवून शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. कडेने पळणाऱ्या भिडूला विंग म्हणतात. तिथे साधारणपणे चपळ, सडपातळ पोरं असतात. लोमू १.९६ मीटर उंच आणि वजनाने १२० किलोच्या आसपास, म्हणजे ढकलाढकलीच्या पुढच्या फळीत शोभणारा. त्याला कडेला उभं केलं, आणि तो शंभर मीटर अकरा सेकंदांच्या आत पळणारा निघाला. इतक्या वजनाचा माणूस इतक्या वेगाने येतोय, त्याला धरायचं कसं, याचा विचारच तोवर कोणी केला नव्हता.

त्याचा जन्म १२ मे १९७५ चा, आईवडील टोंगा बेटांवरचे. बालपणाचा काही काळ टोंगात नातेवाइकांकडे गेला, मग ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या मांगेरे या कष्टकरी वस्तीत. घर गरीब, बाप दारू पिऊन मारणारा. वेस्ली कॉलेज नावाच्या निवासी शाळेने त्याला खेळाकडे वळवलं. जून १९९४ मध्ये, १९ वर्षं ४५ दिवस वयाचा असताना, तो ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, फ्रान्सविरुद्ध पहिली कसोटी खेळला (रग्बीत देशादेशांमधल्या सामन्याला कसोटी म्हणतात). त्या संघाचा तो सर्वांत लहान कसोटीपटू. ती कसोटी न्यूझीलंड हरलं, पुढचीही हरलं, आणि लोमूला काही काळ बाजूला बसावं लागलं.

मग १९९५ चा विश्वचषक. पाच सामन्यांत सात ट्राय, त्यातले चार एकट्या इंग्लंडविरुद्धच्या त्या सामन्यात. न्यूझीलंडने तो ४५-२९ असा जिंकला. आठवडाभरात जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर अंतिम सामना झाला. नेल्सन मंडेला हिरवी जर्सी घालून मैदानात आले होते, तो हाच सामना. दक्षिण आफ्रिकेने लोमूला एकदाही मोकळं सोडलं नाही आणि जादा वेळेत १५-१२ असा विजय मिळवला. पुढे सगळ्या कारकिर्दीत लोमूला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कधीच ट्राय करता आला नाही, हे पैलवानाला फार आवडलं. प्रत्येक मल्लाला एक तरी जोड असा भेटतोच ज्याच्यापुढे डाव चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियनने हौशीपणाचा नियम सोडला, खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला सुरुवात झाली. माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉकच्या कंपनीने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या सामन्यांच्या टीव्ही हक्कांसाठी दहा वर्षांचे ५५ कोटी डॉलर मोजले. लोमू हा त्या बाजारातला सर्वांत मोठा चेहरा. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लोमूला नेफ्रोटिक सिंड्रोम असल्याचं निदान झालं. म्हणजे ज्या लोमूसाठी जगाने पैसे मोजले, ज्याच्या नावाने व्हिडिओ गेम निघाला, तो व्यावसायिक खेळाडू म्हणून जवळजवळ पहिल्या महिन्यापासून किडनीचा पेशंट होता.

फेस

आमच्याकडे नवीन पेशंट आला की मी एक प्रश्न हमखास विचारतो, लघवीला फेस कधीपासून येत होता? पैलवानाने सांगितलं, दोनेक वर्षं. तालमीतली पोरं म्हणायची, खुराक जास्त झाला, दूध-बदाम जिरत नाही, त्याचा फेस आहे. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा. अंग भरलं म्हणून वस्ताद उलट खूश. भरलेलं अंग आणि सुजलेलं अंग यातला फरक आपल्या तालमीत कोणी शिकवत नाही. वर दर दंगलीनंतर गावातल्या एका दवाखान्यात दुखण्याची सुई ठरलेली. ती सुई किडनीला काय करते हे त्याला तिथे कोणी सांगितलं नाही, आणि ब्लडप्रेशर तर एकदाही मोजलं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा वरचा आकडा २०० च्या पुढे होता.

नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये होतं असं. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात. रक्तातला कचरा आणि जादा पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि प्रथिनं आत ठेवायची, हे त्यांचं काम. गाळणीची जाळी सैल झाली की प्रथिनं लघवीवाटे गळायला लागतात. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर गळती गेली की डॉक्टर हे नाव देतात. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी झालं की पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरून मांसात साचतं, त्याला आपण सूज म्हणतो. माणूस थकतो, पण वजन वाढलेलं दिसतं. लोमूसारख्या देहाच्या माणसाकडे बघून तो थकलाय हे कोणाला पटणार? याले काय व्हई, असंच सगळे म्हणणार.

काहींना स्टेरॉइडने आराम पडतो, काहींचा आजार वर्षानुवर्षं कुरतडत राहतो. लोमूच्या बाबतीत दुसरं झालं. उपचारांसाठी १९९७ चा बराचसा हंगाम त्याने सोडला. परत आला, १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सात जणांच्या रग्बीत सुवर्ण मिळवलं. १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय केले. दोन विश्वचषक मिळून पंधरा. पुढे २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने त्याची बरोबरी केली. जुलै २००० मध्ये सिडनीला एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३९-३५ असा सामना झाला, त्यातला शेवटचा, जिंकून देणारा ट्राय लोमूचाच.

या वर्षांबद्दल लिहिताना लोक 'आजारावर मात' असा शब्द वापरतात. मला तो पटत नाही. मात वगैरे काही झालेली नव्हती. किडनी रोज थोडी थोडी जात होती आणि तो उरलेल्या किडनीवर खेळत होता, इंधनाचा काटा खाली येताना बघत गाडी चालवावी तसं. त्याच्या ६३ कसोट्या आणि ३७ ट्राय यातला मोठा हिस्सा निदानानंतरचा आहे. ठणठणीत लोमू कसा खेळला असता, हा प्रश्न मला त्या विक्रमांपेक्षा जास्त वेळा पडतो. नोव्हेंबर २००२ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

आठवड्याचे बारा तास

मे २००३ मध्ये लोमू डायलिसिसवर गेला. आठवड्यातून तीनदा.

इथे पैलवान उठून बसायला लागला, मी त्याला पुन्हा आडवा केला. इथपर्यंत लोमू परदेशी होता. आता तो त्याच्या शेजारच्या खाटेवर आला.

बाहेरच्या माणसाला डायलिसिस म्हणजे सलाईनसारखं काहीतरी वाटतं. निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास चालते. मशीन चालते बारा तास, चार-चार तासांच्या तीन बैठका. उरलेले १५६ तास कचरा आणि पाणी शरीरातच साचत राहतं. हातावर शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलेला असतो. त्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखं थरथरतं. ती थरथर चालू आहे का हे पेशंटने रोज सकाळी उठल्यावर स्वतः बघायचं, चहाच्या आधी. दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. एका बैठकीला गाळलेलं पाणी लागतं सव्वाशे लिटरच्या घरात. उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की आमच्या आरओ प्लांटकडे बघून माझ्याच पोटात गोळा येतो.

पण खरी परीक्षा मशीनवर नसते, दोन बैठकांमध्ये असते. लघवी बंद झालेल्या माणसाने प्यायलेला प्रत्येक घोट वजनकाट्यावर दिसतो. आमच्याकडे मे महिन्यात तोंड कोरडं पडून जीभ टाळूला चिकटते, आणि आम्ही माणसाला सांगतो दिवसभरात तांब्याभर पाणी, त्यातच चहा धर, भाजीचा रस्साही धर. आखाजीनंतरच्या त्या बैठकीला पैलवानाचं वजन चार किलो दोनशे ग्रॅम जास्त भरलं होतं. मी काही बोललो नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं. "आमरस," तो म्हणाला. आईने सांजोऱ्या आणि रस केला होता, बहीण माहेरी आलेली, झोके बांधलेले, आणि ह्याने एकट्याने भात-दोडका खायचा?

आंब्यात पोटॅशियम असतं. केळ्यात तर विचारूच नका, एका मध्यम केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास. तुमची किडनी ते सहज बाहेर टाकते. आमच्या पेशंटची टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके चुकतात, कधी थांबतातच. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे. रावेर-यावल पट्ट्यात पाहुण्याच्या पिशवीत डझनभर केळी न घालता कोणी निरोप देत नाही. आमच्याकडे येणारे एक आप्पा स्वतः केळीबागाईतदार. सत्तर एकरांत शेजाऱ्यांची आणि त्यांची मिळून केळीच केळी, आणि त्यांना अर्धं केळं चालत नाही. एकदा त्यांनी घडाला हात लावला, खाल्लं नाही, नुसता सालीचा वास घेतला, आणि मला म्हणाले, "केयानं काय बिघडाडं व्हतं मनं?" भरताची वांगी तेवढी चालतात, पण वरून मीठ नाही. शेवभाजी, उडदाचे पापड, लोणचं बंद. म्हणजे खानदेशी माणसाचं ताट जवळजवळ रिकामंच.

लोमूची अवस्था याहून वाईट झाली. त्याच्या पायांच्या नसांना गंभीर इजा झाली. ज्या पायांनी कॅटवरून तो गेला त्या पायांनी चालणं जड झालं. लवकर किडनी बदलली नाही तर चाकाच्या खुर्चीत बसावं लागेल, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वी जगातला सर्वांत जास्त चर्चा झालेला रग्बीपटू.

दोस्ताची किडनी

२८ जुलै २००४ रोजी लोमूचं किडनी प्रत्यारोपण झालं. दाता ग्रँट केरेआमा, वेलिंग्टनचा रेडिओ निवेदक. नात्याचा नाही, दोस्त.

हे आपल्याकडे इतकं सोपं नाही. आपल्या १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक कोण हे लिहून ठेवलेलं आहे: आईवडील, मुलं, भावंडं, नवराबायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा आणि नातवंडंही. यापलीकडचा कोणी प्रेमापोटी देतो म्हणाला तर प्रकरण प्राधिकार समितीसमोर जातं. तिथे दोघांची मुलाखत होते, पैशांचा व्यवहार नाही ना हे तपासलं जातं. कागदपत्रं जमवताना माणूस मेटाकुटीला येतो. मला हा नियम जाचक वाटत नाही. गरिबाची किडनी विकत घेण्याचे प्रकार या देशात झालेत म्हणून तो आहे. पण यामुळे खऱ्या दोस्ताचीही वाट अवघड होते हेही खरं. पैलवानाचा तालमीतला एक जोडीदार तयार होता. शेवटी आईवरच आलं. आपल्याकडे बहुतेक वेळा आईवर किंवा बायकोवरच येतं. माझ्या खाटांवर बसणारे पुरुष जास्त आणि देणाऱ्या बाया जास्त, हे मी रोज बघतो.

खानदेशातला माणूस यासाठी नाशिक, मुंबई नाहीतर गुजरात गाठतो. तपासण्यांच्या चकरा, खोली भाड्याने घेऊन राहणं, दोघं एकाच वेळी दवाखान्यात असल्यावर घरचं कोण बघणार, या सगळ्याची गोळाबेरीज ऑपरेशनच्या बिलापेक्षा जास्त छळते.

जुन्या किडन्या बहुधा काढत नाहीत. नवीन किडनी ओटीपोटात, कंबरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला पुढे बसवतात. हे मी पैलवानाला त्याच्याच पोटावर बोट ठेवून दाखवलं. तिथे वरून बरगडी नाही. कातडी, थोडं मांस, खाली किडनी. "आता मला सांग, तुझा आवडता डाव कोणता?" तो गप्प बसला. समोरच्याला अंगावर घेऊन पोटाशी आवळायची त्याला सवय आहे.

परत मैदानात

लोमू मात्र परतला. प्रत्यारोपणानंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जून २००५ मध्ये, इंग्लंडचा माजी कर्णधार मार्टिन जॉन्सन याच्या गौरव सामन्यात तो लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर उतरला, ट्राय केला आणि खांदा दुखावून बसला. किडनीला काही झालं नाही, खांद्याने हंगाम खाल्ला. त्या वर्षाच्या शेवटी वेल्समधल्या कार्डिफ ब्लूज क्लबकडून खेळला, २००६ मध्ये मायदेशी नॉर्थ हार्बरकडून. वरच्या सुपर १४ स्पर्धेत मात्र त्याला कोणी घेतलं नाही. २००७ मध्ये व्यावसायिक खेळ थांबवला. नंतर फ्रान्समध्ये मार्सेयच्या एका खालच्या श्रेणीतल्या संघाकडूनही काही सामने खेळला.

यातली एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. परक्याची किडनी शरीर स्वीकारत नाही, तिच्यावर हल्ला करतं. तो थोपवायला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, किडनी चालू आहे तोवर, एकही दिवस न चुकता. लोमूच्या गोळ्यांपैकी एक औषध खेळाडूंना बंदी असलेल्या यादीत होतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्याला खास सवलत दिली तेव्हा तो खेळू शकला. म्हणजे ज्या गोळीवर किडनी टिकून होती, तीच इतर कोणी घेतली असती तर बाद झाला असता. पैलवानाला मी म्हणालो, तुझ्या यात्रेच्या दंगलीत कोणी लघवी तपासत नाही, पण गोळी चुकली तर तपासणारं आत बसलेलंच आहे.

मग खेळला ते चूक का? मी बराच विचार केला. शहाण्या माणसाने खेळू नये असंच मी कोणालाही सांगेन. पण लोमूने किडनी घेतली ती ऑफिसात बसायला नव्हे. सत्तावीस-अठ्ठावीसचा तो पोरगा, शरीर हीच त्याची सगळी कमाई, आणि ते शरीर त्याच्याकडून अर्ध्यात काढून घेतलेलं. ते पुन्हा एकदा चालवून बघणं त्याला गरजेचं होतं. त्या तीन हंगामांत जुना लोमू दिसला नाही. तो जड झाला होता, वळताना उशीर व्हायचा. तरी त्याला टाळ्या पडायच्या. मला ते सामने बघवत नाहीत, हा भाग वेगळा.

सात वर्षं

२०११ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये भरला. ऑकलंडच्या उद्घाटन सोहळ्यात लोमू दिसला. त्याच महिन्यात त्याला दवाखान्यात दाखल करावं लागलं. ग्रँटने दिलेली किडनी चालेनाशी झाली होती. लोमू परत डायलिसिसवर.

२००४ ते २०११. सात वर्षं. जिवंत दात्याची किडनी सर्वसाधारणपणे दहा-पंधरा वर्षं साथ देते, काहींची वीसही. लोमूची सातच वर्षं चालली. खेळला म्हणून गेली, असा सोपा हिशेब लावायचा मोह होतो, पण व्यावसायिक खेळ थांबल्यानंतरही किडनी चार वर्षं चालली होती. पैलवानाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. बदललेली किडनी म्हणजे आजार संपला असं नाही. किडनीचा आजार तसाच राहतो, फक्त मशीनऐवजी गोळ्यांवर जातो. आमच्याकडे प्रत्यारोपणानंतर तीन-चार वर्षांनी परत आलेले दोघं आहेत. दोघांनीही 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्या कमी केल्या होत्या, स्वतःच्या मनाने. गोळ्या महाग होत्या हेही कारण होतंच.

लोमू पुढची चार वर्षं डायलिसिस करत जगभर फिरला. जाहिराती, भाषणं, सामन्यांची निमंत्रणं. दोन लहान मुलं होती. जिथे जाईल तिथे आधी मशीन कुठे आहे ते शोधायचं. आमचे पेशंट लग्नाला पुण्याला जायचं तरी आठ दिवस आधी फोन करतात, "दादा, तठे कोनी वयखीनं शे का?" सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मधला विश्वचषक इंग्लंडमध्ये होता. लोमू तिकडे गेला, न्यूझीलंडने कप जिंकलेला त्याने बघितला, दुबईमार्गे घरी परतला. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी ऑकलंडच्या घरी तो अचानक गेला. वय चाळीस. ऑकलंडच्या ईडन पार्कवर त्याला निरोप देण्यात आला.

डायलिसिसच्या पेशंटांमध्ये मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदय असतं. किडनी नव्हे. नातेवाईक सांगतात, काल तर बरा होता, बोलत होता. बरोबर आहे, बोलतच असतो.

आणि पैसा? त्याने मागे फारसं काही ठेवलं नव्हतं. मुलांसाठी रग्बीपटूंच्या संघटनेच्या पुढाकाराने न्यास उभा राहिला. ज्याच्यामुळे खेळात पैसा आला, त्याच्याच पोरांसाठी वर्गणी. पैलवान या ठिकाणी हसला. त्याने दंगलीत जिंकलेल्या गदा अजून घरात आहेत. चांदीचं पाणी दिलेली एक सोनाराकडे नेली होती, आत पितळ निघालं.

मी काय सांगितलं

सगळं सांगून झाल्यावर मी त्याला म्हणालो की किडनी बदलल्यावर चालायचं, सायकल चालवायची, हळूहळू पळायचंही, साहेब परवानगी देतील तसं. पोरांना डाव शिकवायचे, तालमीत वस्ताद म्हणून बसायचं. अंगाला अंग भिडेल असं काही नाही. लोमू भिडला, पण त्याच्याभोवती डॉक्टरांची फौज होती आणि तुझ्याभोवती मी आहे. त्याने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. जाता जाता म्हणाला, "सात वरीस मियनात ते बी चालई."

मशीन बंद केली, सुया काढल्या, तो दहा मिनिटं बोटाने जागा दाबून बसला. तीन किलो दोनशे निघालं होतं. एक किलो पुढच्या वेळेसाठी बाकी.

बाहेर त्याची आई बाकावर बसलेली होती, मांडीवर जेवणाचा डबा. पोरगा बाथरूमला गेल्यावर ती उठून माझ्याजवळ आली. तिने सगळं ऐकलं होतं, पडद्याआडून. मला वाटलं ती सात वर्षांबद्दल विचारेल. ती म्हणाली, "भाऊ, त्याना दोस्तनी दियेल ना किडनी. तो दोस्त कसा शे?"

एवढ्या शिफ्ट मी लोमूबद्दल बोललो, ग्रँटचं पुढे काय झालं हे पैलवानाने एकदाही विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. लोमू गेला तेव्हा ग्रँट जिवंत होता, एका किडनीवर, अकरा वर्षं झाली होती, असं मी तिला सांगितलं.

"मंग ठीक शे," ती म्हणाली आणि डबा उघडून पोरासाठी भाकरी मोडायला बसली.